इलेक्ट्रॉन घरी परततो तेव्हा

आजच्या भागात आकडे प्रचंड आहेत, नावं परदेशी आहेत. लोकलमध्ये उभ्यानं ऐकताना काही निसटलं असेल, तर हा लेखी मजकूर खास तुमच्यासाठी. सावकाश वाचा, घाई नाही.

ऑक्टोबर २०२३मध्ये भौतिकशास्त्राचं नोबेल तिघांना जाहीर झालं. पियर ॲगोस्टिनी, फेरेन्क क्राउझ आणि ॲन लुइलिए. त्यानंतर आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या कानावर एक गोष्ट आली, की आता म्हणे इलेक्ट्रॉनचा फोटो काढता येतो. मलाही दोन-तीन जणांनी विचारलं, "हे खरं का गं?" मी तेव्हा म्हटलं, एका वाक्यात सांगता येणार नाही, एक अख्खा भाग करावा लागेल. तर हा तो भाग.

कारण त्या 'फोटो' शब्दामागे जवळजवळ शंभर वर्षांचा वाद आहे. इलेक्ट्रॉन दिसू शकतो का? आणि मुळात 'दिसणं' म्हणजे काय?

जे दिसत नाही, त्याबद्दल बोलू नका

सुरुवात १९२५च्या जूनमध्ये करू. वेर्नर हायझेनबर्ग नावाचा २३ वर्षांचा जर्मन तरुण परागकणांच्या ॲलर्जीनं बेजार झाला होता. डोळे सुजलेले, नाक वाहतंय. म्हणून तो उत्तर समुद्रातल्या हेलिगोलँड नावाच्या बेटावर गेला. तिथे झाडंझुडपं अगदी कमी. त्या बेटावर त्याच्या डोक्यात एक विचार पक्का झाला.

आपण शाळेत अणूचं चित्र काढतो ना? मध्ये केंद्रक, भोवती गोल गोल फिरणारे इलेक्ट्रॉन, सूर्याभोवती ग्रह फिरावेत तसे. हायझेनबर्गनं विचारलं, की ही कक्षा कुणी पाहिली आहे का? कुणीच नाही. अणूकडून आपल्याला मिळतो तो फक्त प्रकाश. त्याचा रंग मोजता येतो, तो किती तेजस्वी आहे ते मोजता येतं. मग सिद्धांत तेवढ्यावरच उभा करावा. जे मोजताच येत नाही, ते गणितात आणायचंच कशाला? याच विचारातून आधुनिक क्वांटम यांत्रिकी जन्माला आली आणि इलेक्ट्रॉनची 'वाट' अणूतून हद्दपार झाली.

आता एकदम ७९ वर्षं पुढे या. डिसेंबर २००४. 'नेचर' या नियतकालिकात कॅनडातल्या ओटावाच्या एका गटाचा निबंध छापून आला. त्यात नायट्रोजनच्या रेणूतल्या सगळ्यात बाहेरच्या इलेक्ट्रॉनचा आकार होता, प्रयोगातून काढलेला. आपण श्वासात घेतो त्या हवेचा जवळजवळ ७८ टक्के भाग असलेला हाच नायट्रोजन.

हायझेनबर्गच्या नियमापासून या आकारापर्यंत माणूस कसा पोहोचला? मला यातली सगळ्यात भारी गोष्ट ही वाटते, की इलेक्ट्रॉन पाहण्याचं साधन शेवटी इलेक्ट्रॉनच ठरला. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असा हा प्रकार आहे. पण वळसा घातल्याशिवाय कळसा सापडलाही नसता.

घोड्यापासून रेणूपर्यंत

वेगानं पळणारी गोष्ट टिपायची तर कॅमेऱ्याची उघडझाप त्याहून वेगवान हवी, हे आपल्याला मोबाईलमुळेच कळतं. नाचणाऱ्या पोराचा फोटो कमी उजेडात काढला, की हात म्हणजे नुसता धुरळा.

१८७८मध्ये कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टो इथे एडवर्ड मायब्रिज यानं पळणाऱ्या घोड्यासाठी १२ कॅमेरे ओळीनं लावले. वाटेवर दोरे ताणले. घोडा पुढे येईल तसे दोरे ओढले जायचे आणि एकेक कॅमेरा चालायचा. चित्रांत स्पष्ट दिसलं, की धावताना एका क्षणी घोड्याचे चारही पाय जमिनीपासून सुटलेले असतात. डोळ्यांनी हे कुणालाच दिसलं नव्हतं.

हीच युक्ती रेणूंसाठी वापरली ती इजिप्तमध्ये जन्मलेल्या अहमद झेवेल यांनी. त्यांनी कॅमेऱ्याच्या जागी लेसरची अतिशय छोटी चमक वापरली. या चमकेला आपण पल्स म्हणू. पहिल्या पल्सनं रेणूला धक्का द्यायचा, दुसरी पल्स थोड्या वेळानं पाठवायची आणि रेणू तोवर कुठे पोहोचला ते बघायचं. दोन पल्समधलं अंतर बदलत गेलं, की रेणू तुटण्याचा सिनेमाच तयार होतो. १९८७च्या सुमारास त्यांच्या गटानं आयोडीन सायनाइडचा रेणू तुटताना टिपला. त्याला लागले साधारण २०० फेम्टोसेकंद.

फेम्टोसेकंद म्हणजे? एका सेकंदाचे एक अब्ज भाग करा, त्यातला एक उचला आणि त्याचे पुन्हा दहा लाख भाग करा. त्यातला एक. या कामासाठी झेवेल यांना १९९९चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

पण झेवेल यांच्या सिनेमात हलत होती ती रेणूतली केंद्रकं. ती जड असतात. इलेक्ट्रॉन त्यांच्यापेक्षा हजारो पटींनी हलका, त्यामुळे त्याची चपळाई वेगळीच. हायड्रोजनच्या जुन्या चित्रात इलेक्ट्रॉनची एक फेरी साधारण १५० ॲटोसेकंदांत होते. ॲटोसेकंद म्हणजे फेम्टोसेकंदाचाही हजारावा भाग. एका सेकंदात जितके ॲटोसेकंद मावतात, तितके सेकंद अजून विश्वाच्या जन्मापासून उलटलेलेच नाहीत. फार तर निम्मे.

मग ॲटोसेकंदाची पल्स बनवा की! इथेच भिंत होती. प्रकाश ही लाट आहे, आणि पल्स निदान एका लाटेइतकी तरी लांब हवीच. या कामात वापरतात त्या इन्फ्रारेड लेसरच्या एका लाटेला अडीच फेम्टोसेकंदांहून जास्त वेळ लागतो. म्हणजे आपला झटपट कॅमेरा इलेक्ट्रॉनसाठी अजूनही सुस्तच. अर्ध्या फुटाच्या ब्रशनं तांदळाच्या दाण्यावर नाव लिहायला बसावं, तसं. वेगळा प्रकाश हवा होता, खूप छोट्या लाटांचा. तो कुठून आणायचा?

पुसला गेलेला ठिपका

उत्तर निघालं ताकदीतून. ही दुसरी वाट जरा मागून येते.

१९६०च्या मे महिन्यात अमेरिकेत थिओडोर मेमन यांनी माणकाच्या कांडीतून पहिला लेसर चालवून दाखवला. पुढच्याच वर्षी मिशिगन विद्यापीठात पीटर फ्रँकेन यांच्या गटानं त्याचा लाल प्रकाश क्वार्ट्‌झच्या स्फटिकातून पाठवला. बाहेर लाल प्रकाश आलाच, पण सोबत अगदी अंधुक असा दुप्पट वारंवारितेचा अतिनील प्रकाशही आला. त्याचा पुरावा म्हणजे फोटोच्या पट्टीवरचा एक बारीकसा ठिपका. आणि गंमत ऐका. निबंध छापताना तो ठिपका धूळ समजून पुसला गेला! छापील पानावर बाण आहे, पण बाण दाखवतोय ती जागा कोरी. इतिहासातला एक महत्त्वाचा शोध असा अदृश्य होऊन छापला गेला.

हा शोध महत्त्वाचा का? आपल्या तंबोऱ्याचं उदाहरण घ्या. षड्जाची तार छेडली, की तिच्यातून फक्त षड्ज येत नाही. नीट जुळलेला तंबोरा असेल, तर कान देणाऱ्याला त्यात गंधारही ऐकू येतो. कुणी तो छेडलेला नसतो, म्हणून त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. तारेच्या मूळ कंपनाच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट वेगाची कंपनंही त्याच तारेत असतात, आणि गंधार येतो त्या पाचव्यातून. फ्रँकेन यांनी प्रकाशातला असाच दुसरा स्वर पकडला होता. अशा स्वरांना हार्मोनिक म्हणतात.

जितका वरचा हार्मोनिक, तितकी छोटी लाट. म्हणजे आपल्याला हव्या त्या छोट्या लाटा अशा मिळू शकतील. पण वरचे स्वर फार क्षीण असतात. लेसर आणखी ताकदवान केला, तर यंत्रातली काच-स्फटिकंच जळून जायची. गाडं इथे बरीच वर्षं अडलं.

१९८५मध्ये ते सुटलं. अमेरिकेतल्या रोचेस्टर विद्यापीठात डोना स्ट्रिकलंड पीएचडी करत होत्या, जेरार मुरू त्यांचे मार्गदर्शक. त्यांनी काय केलं, तर लेसरची पल्स लांबलचक काचतंतूतून पाठवून आधी ताणली. ताणल्यामुळे ती सौम्य झाली. त्या सौम्य पल्सची ऊर्जा वाढवली, आणि सगळ्यात शेवटी तिला पुन्हा दाबून छोटं केलं. यंत्र शाबूत आणि ताकद अफाट. हा स्ट्रिकलंड यांचा पहिलाच शोधनिबंध होता, आणि त्यासाठीच दोघांना २०१८चं नोबेल मिळालं.

अफाट म्हणजे किती? अशा एका पल्समध्ये ऊर्जा फार नसते. एक मिलिजूल धरा. १०० ग्रॅमचा बिस्किटाचा पुडा एक मिलिमीटर वर उचलायला लागते, तेवढीच. पण ती ३० फेम्टोसेकंदांत, केसाच्या जाडीएवढ्या जागेवर ओतायची. भर दुपारी उन्हाची जी तीव्रता असते, तिच्या एकावर पंधरा शून्यं इतक्या पटींनी तीव्र प्रकाश तिथे तयार होतो. या लाटेची ओढ केंद्रकाच्या ओढीशी झोंबू लागते. अणूतल्या इलेक्ट्रॉनची ही रस्सीखेच, एका बाजूला केंद्रक आणि दुसऱ्या बाजूला प्रकाश.

साक्लेचं पठार

आता फ्रान्समध्ये, पॅरिसजवळच्या साक्ले या संशोधन केंद्रात. वर्ष १९८७. ॲन लुइलिए आणि त्यांचे सहकारी आर्गॉनसारख्या वायूंवर तीव्र इन्फ्रारेड लेसर सोडत होते आणि बाहेर कोणते हार्मोनिक येतात ते मोजत होते. त्याच सुमारास शिकागोतल्या एका गटालाही वेगळ्या लेसरनं असेच वरचे हार्मोनिक मिळाले होते.

अपेक्षा काय होती? तंबोऱ्याचीच. वर जावं तसा स्वर झपाट्यानं क्षीण होणार. पहिले काही हार्मोनिक तसेच वागलेसुद्धा. पण पुढे आलेख खाली जायचाच थांबला. कितीतरी हार्मोनिक जवळजवळ सारख्याच ताकदीचे निघाले, आणि मग एका ठिकाणी सगळं एकदम संपलं. आर्गॉनमध्ये त्यांना ३३वा हार्मोनिकसुद्धा दिसला.

तुम्ही सह्याद्रीत ट्रेकला गेला असाल, तर हा आकार तुम्हाला पाठ असेल. आधी उतार, मग लांबच लांब सडा, आणि सड्याच्या टोकाला सरळ तुटलेला कडा. भौतिकशास्त्रज्ञही त्याला पठारच म्हणतात. हे पठार तिथे कसं काय आलं, ते तेव्हाच्या नेहमीच्या गणितानं सांगता येत नव्हतं.

लुइलिए यांनी या पठाराला सोडलं नाही. पुढची कितीतरी वर्षं त्या याच प्रश्नाला चिकटून राहिल्या, प्रयोगातही आणि गणितातही. ॲटोसेकंदाचं यंत्र त्यांना १९८७मध्येच दिसत होतं, असं मात्र कुणी समजू नका. समोरचा आलेख न समजणं, हीच त्यांची प्रेरणा होती.

गेला आणि परत आला

उलगडा १९९३मध्ये झाला. कॅनडात ओटावाला पॉल कॉर्कम, आणि अमेरिकेत लिव्हरमोरला केनेथ कुलँडर व त्यांचे सहकारी, या दोन ठिकाणी जवळपास एकाच वेळी. स्पष्टीकरण इतकं सोपं आहे, की तुम्ही ते चहाच्या टपरीवर मित्राला सांगू शकता. तीन पायऱ्या.

पहिली पायरी. लाटेच्या जोरानं अणूची भिंत एका बाजूला वाकते, पातळ होते. इलेक्ट्रॉन तिच्यातून बोगदा पाडल्यासारखा बाहेर निसटतो. तीव्र प्रकाशात असं होऊ शकतं, याचं गणित सोव्हिएत शास्त्रज्ञ लिओनिद केल्डिश यांनी १९६४मध्येच करून ठेवलं होतं.

दुसरी पायरी. बाहेर आलेला इलेक्ट्रॉन लाटेवर स्वार होऊन लांब पळतो. पण प्रकाशाची लाट ती, पुढच्याच क्षणी उलटी फिरते. आता तीच ओढ इलेक्ट्रॉनला मागे रेटते. झोपाळा पुढे गेला की मागे येतोच, तसा.

तिसरी पायरी. वेगानं परतलेला इलेक्ट्रॉन आपल्याच अणूवर आदळतो. कधी तो पुन्हा घरात शिरतो आणि वाटेत कमावलेली सगळी ऊर्जा प्रकाशाच्या एका ठिणगीत सोडून देतो. तोच आपला वरचा हार्मोनिक!

म्हणजे पठार येतं ते परतीच्या प्रवासातून. आणि कडा? लाटेवरून परतणारा इलेक्ट्रॉन जास्तीत जास्त किती ऊर्जा कमावू शकतो, याला मर्यादा आहे. लाटेत झुलताना इलेक्ट्रॉनची जी सरासरी ऊर्जा असते, तिच्या ३.१७ पट. हा आकडा काढायला न्यूटनचे नियम पुरतात, बारावीच्या पुस्तकातले.

इथे मला थांबून एक गोष्ट सांगायचीय. हायझेनबर्गनं इलेक्ट्रॉनची वाट अणूतून हाकलली होती. कॉर्कम यांनी तीच वाट अणूच्या बाहेर परत आणली. इलेक्ट्रॉन कधी निघाला, किती लांब गेला, कधी परतला, असं सगळं गणित एखाद्या चेंडूचं करावं तसं केलं, आणि ते प्रयोगाशी जुळलं. पुढच्याच वर्षी मॅसिए लेवेनस्टाइन, लुइलिए, कॉर्कम आणि इतरांनी मिळून याचं पूर्ण क्वांटम गणित मांडलं. त्यातही त्या वाटांचा माग राहिलाच. दोन्ही चित्रं खरी, फक्त आपापल्या जागी.

हा जाण्या-येण्याचा सगळा कारभार प्रकाशाच्या एका लाटेच्या आत उरकतो. त्यामुळे परतीची ठिणगी लाटेपेक्षाही छोटी असणार, म्हणजे ॲटोसेकंदांत मोजायची. भिंतीला दार सापडलं होतं.

सापडलं खरं, पण सिद्ध कसं करायचं? इतकी छोटी चमक मोजायला घड्याळच नव्हतं. ते २००१मध्ये जमलं. ॲगोस्टिनी यांच्या फ्रान्समधल्या गटानं २५० ॲटोसेकंदांच्या पल्सची एक आगगाडीच मोजली. क्राउझ यांच्या व्हिएन्नातल्या गटानं त्या गाडीचा जणू एकच डबा वेगळा काढून मोजला, ६५० ॲटोसेकंदांचा. १९८७चं पठार आणि २००१चं मोजमाप, मध्ये १४ वर्षं. २०२३चं नोबेल या प्रवासाचं होतं.

रेणूचा सेल्फी

आता येऊ मूळ प्रश्नाकडे. रेणूतला इलेक्ट्रॉन.

कॉर्कम यांच्या तीन पायऱ्या नीट पाहिल्या, तर एक वेगळीच शक्यता दिसते. परतणारा इलेक्ट्रॉन ज्या घरावर आदळतो, त्या घराचा ठसा ठिणगीवर उमटणारच ना? घर लांबट असेल, तर आडवं आदळल्यावर वेगळी ठिणगी आणि उभं आदळल्यावर वेगळी. म्हणजे रेणूचाच इलेक्ट्रॉन बाहेर काढायचा, लेसरनं त्याला परत फेकायचं, आणि त्याच्याकडूनच रेणूची खबर काढायची. सेल्फीच म्हणा ना!

एक अडचण होती. वायूतले रेणू कसेही गरागरा फिरत असतात. सेल्फीआधी त्यांना एका दिशेत वळवायला हवं. लेसरच्या लाटेनं हेही करता येतं, आणि या प्रश्नावर आपल्या मुंबईतही काम झालंय. कुलाब्याच्या टोकाला असलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत दीपक माथुर, जी. रवींद्र कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्वदच्या दशकात तीव्र लेसरमध्ये रेणू कसे फुटतात, आणि त्याआधी लाट त्यांना लंबकासारखी आपल्या दिशेला कशी खेचते, याचे प्रयोग केले.

ओटावात २००४मध्ये जिरो इतातानी, कॉर्कम आणि सहकाऱ्यांनी हे सगळं एकत्र आणलं. एका पल्सनं नायट्रोजनचे रेणू ओळीत आणले, दुसऱ्या तीव्र पल्सनं ठिणगी पाडली. मग रेणूंचा कोन थोडा थोडा बदलत पुन्हा पुन्हा मोजलं. शेवटी सगळ्या कोनांची मापं गणितानं जोडली. सीटी स्कॅनमध्ये शरीराभोवती यंत्र फिरवून आतलं चित्र तयार करतात, अगदी तीच पद्धत. त्यातून निघाला नायट्रोजनच्या बाहेरच्या इलेक्ट्रॉनचा आकार. धन आणि ऋण भाग असलेला, ढगासारखा.

आणि वाद पेटला. पेटायलाच हवा होता. टीकाकारांचं म्हणणं साधारण असं. एक, परतणारा इलेक्ट्रॉन सरळ सपाट लाट आहे असं तुम्ही धरलंत, पण रेणूजवळ येताना केंद्रकांच्या ओढीनं ती लाट वाकते. दोन, नायट्रोजनच्या रेणूत १४ इलेक्ट्रॉन आहेत आणि ते एकमेकांशी गुंतलेले असतात. 'बाहेरचा एक इलेक्ट्रॉन' हीच मुळात आपण सोयीसाठी केलेली विभागणी आहे. मग फोटो कशाचा काढलात, इलेक्ट्रॉनचा की आपल्या कल्पनेचा?

हे मुद्दे खोडसाळ नव्हते. त्यांच्यामुळेच पुढची पद्धत सुधारली. एकाहून जास्त इलेक्ट्रॉन कसे भाग घेतात, ठिणगीच्या लाटेचा टप्पा कसा मोजायचा, हे बारकाईनं तपासलं जाऊ लागलं.

दुसऱ्या एका पद्धतीत तर ठिणगीची वाटच पाहत नाहीत. परतलेला इलेक्ट्रॉन कधी घरात न शिरता रेणूवर आपटून उडतो. तो कुठल्या दिशेला उडाला, यावरून रेणूतल्या अणूंमधलं अंतर काढता येतं. २०१२मध्ये ओहायो राज्य विद्यापीठातल्या गटानं असं दाखवलं, की ऑक्सिजनच्या रेणूतून एक इलेक्ट्रॉन निघाल्यावर सुमारे ५ फेम्टोसेकंदांत त्यातल्या दोन अणूंमधलं अंतर ०.१ अँगस्ट्रॉमनं बदलतं. अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा एक हजार कोटीवा भाग, आणि त्याचाही दहावा हिस्सा!

आधी कोण हलतं?

तुम्ही म्हणाल, एवढा खटाटोप कशासाठी? नायट्रोजनचा आकार कळून माझं काय होणार?

यामागे रसायनशास्त्राचा एक मोठा प्रश्न आहे. रेणूला धक्का बसला, एक्स-रेचा म्हणा किंवा उन्हातल्या अतिनील किरणांचा म्हणा, की आधी कोण हलतं? केंद्रकं की इलेक्ट्रॉन? जर्मनीतल्या हायडेलबर्गचे लोरेन्झ सेडरबाउम आणि त्यांच्या सहकाऱ्यानं १९९९मध्ये गणित करून सांगितलं होतं, की रेणूतून एक इलेक्ट्रॉन एकदम निघाला, तर जी रिकामी जागा उरते, ती केंद्रकं हलायच्या आतच रेणूच्या एका टोकाकडून दुसरीकडे पळू शकते. केवळ इलेक्ट्रॉनांच्या आपसातल्या ओढाताणीमुळे.

२०१४मध्ये फ्रान्चेस्का कालेगारी, मिलानचे माउरो निसोली आणि सहकाऱ्यांनी हे फिनाइलॲलनिनमध्ये तपासलं. नाव अवघड आहे, पण वस्तू ओळखीची आहे. डाळ, दूध, अंडी यांतल्या प्रथिनांचा हा एक घटक. ॲटोसेकंद पल्सनं त्यातला इलेक्ट्रॉन काढला आणि पुढे काय होतं ते मोजलं. साधारण ४.३ फेम्टोसेकंदांची एक लय दिसली. केंद्रकांच्या हालचालीनं तिचं स्पष्टीकरण देता येईना, ती फारच जलद होती. ही लय इलेक्ट्रॉनांची. पुढच्या वर्षी झुरिकमधल्या हान्स याकोब व्यर्नर यांच्या गटानं आयोडोॲसिटिलीन नावाच्या छोट्या रेणूत ही रिकामी जागा कशी सरकते, ते परतणाऱ्या इलेक्ट्रॉनच्या ठिणगीवरूनच, १०० ॲटोसेकंदांच्या बारकाईनं मांडलं.

आता विचार करा. किरणांमुळे आपल्या पेशींतल्या डीएनएला इजा होते, ती प्रक्रिया अशाच एखाद्या क्षणी सुरू होते. पानात पडलेलं ऊन कामाला लागतं, सौर पॅनेलमध्ये वीज निघते, तिथेही पहिलं पाऊल इलेक्ट्रॉनचं. उद्या लगेच यातून औषध येईल, असं मी म्हणणार नाही. प्रयोगशाळेतला एकटा रेणू आणि पाण्यानं भरलेली जिवंत पेशी यांच्यात फार अंतर आहे. पण पहिलं पाऊल कुठे पडलं, हे माहीत नसताना रस्ता बदलणार कसा?

मग फोटो निघाला की नाही?

तर मला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर. आपण ज्याला फोटो म्हणतो, त्यात वस्तू जशी असते तशी राहते आणि प्रकाश येऊन चित्र बनतं. इथे तसं काहीच नाही. रेणूला ओढलं, त्यातून इलेक्ट्रॉन काढला, परत आदळवला, आणि हे असंख्य रेणूंवर पुन्हा पुन्हा केलं. मग गणितानं चित्र बांधलं. एकट्या इलेक्ट्रॉनला जागेवर गाठून टिपलेलं हे चित्र नाही. अणूच्या आत इलेक्ट्रॉन ग्रहासारखा फिरताना कुणी पाहिलेला नाही. त्या अर्थानं हायझेनबर्ग आजही बरोबर आहे.

पण हायझेनबर्गची अट काय होती, ते आठवा. जे मोजता येतं, त्याबद्दलच बोला. १९२५मध्ये इलेक्ट्रॉनच्या ढगाचा आकार आणि त्याची लय मोजता येत नव्हती, आज येते. अट तीच राहिली, मोजता येणाऱ्या गोष्टींची यादी वाढली. माझ्या मते खरा पराक्रम हा आहे, आणि तो 'फोटो' शब्दापेक्षा मोठा आहे. म्हणून पुढच्या वेळी कुणी म्हणालं, की इलेक्ट्रॉनचा फोटो निघाला, तर लगेच खोटं म्हणू नका आणि लगेच मानही डोलावू नका. एवढंच विचारा, नेमकं काय मोजलं?

जाता जाता एक छोटी गोष्ट. ३ ऑक्टोबर २०२३ला नोबेल समितीचा फोन येत होता, तेव्हा ॲन लुइलिए स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठात विद्यार्थ्यांना शिकवत होत्या. फोन त्यांना मध्यंतरात घेता आला. बातमी कळल्यावर त्या वर्गात परत गेल्या आणि उरलेला तास पूर्ण केला. तो शेवटचा अर्धा तास शिकवणं जरा अवघड गेलं, हे त्यांनी नंतर सांगितलं. ३६ वर्षं एकाच पठाराला चिकटून राहिलेली बाई तास अर्धवट कशी सोडेल?

चला, आज इथेच थांबते. अणू, रेणू, ढग, वाट, काहीही अडलं असेल तर जरूर लिहून पाठवा, पुढच्या भागाच्या सुरुवातीला त्यावर बोलू. तोवर काळजी घ्या, आणि ऐकत राहा!